रुखवतातला नारू

शेवया वाफवून परातीत उपसल्या की मला आजही हसू आवरत नाही. सुना एकमेकींकडे बघतात आणि म्हणतात, आई गेल्या पुन्हा गिरिजाबाईच्या लग्नाला. खरं तर लग्न गिरिजाबाईचं नव्हतं, तिच्या नातीचं होतं. पण गाजवलं ते म्हातारीनंच.

साल पंच्याहत्तर. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच मोडायचो. सकाळी निघून राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन दुपारच्या भाकरीला घरी परतता येईल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. मी नुकतीच गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. छप्पन साली सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी मायच्या कडेवर होते.

गावात पाण्याच्या जागा दोन. वर दगडी बारव, जुनी आणि देखणी. तिच्या पायऱ्या उतरत जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. तिथं आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या मनाई. कायद्यानं ती उठली होती, पण कायदा काही बारवेवर पाणी भरायला येत नव्हता. म्हणून वस्तीचा स्वतःचा आड होता. अरुंद, खोल, पायरी एकही नाही. दोर सोडायचा आणि शेंदायचं. माझ्या मायच्या, चांगुणाबाईच्या तळहातांना त्या दोराचे घट्टे पडले होते.

आणि गावात नारू होता. आताच्या पोरांना तो माहीत नाही, हे त्यांचं नशीब. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंतू डोकं काढायचा. तो ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून त्याचं टोक काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. माणूस महिना-महिना खाटेवर.

त्या वर्षी औरंगाबादहून एक तरुण डॉक्टर नारूची पाहणी करायला आले. मला गावातली घरं ठाऊक, म्हणून त्यांनी मला सोबत घेतलं. काही घरांत डॉक्टर ओसरीवर बसायचे आणि मी अंगणात उभी राहून तिथूनच प्रश्न ओरडायचे. सगळ्या गल्लीला उत्तरं ऐकू जायची, मग शेजारणी ती दुरुस्त करायच्या. एवढी चोख पाहणी जगात कुठं झाली नसेल.

पाहणीचा निकाल सांगायला फाल्गुनात मारुतीच्या पारावर सभा भरली. डॉक्टर पान उलटून उलटून वाचत होते. शंभरातल्या तीस माणसांना नारूची बाधा, ग्रामस्थांनी जलसाठ्याशी प्रत्यक्ष संपर्क टाळावा, असं बरंच काही. सरपंच तातेराव मान डोलावत होते, म्हणजे त्यांना डुलकी लागली होती. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, ते तीस कोण? तिथून सभा फिसकटली. तिसांत बसायला कोणीच तयार नव्हतं. ज्याच्या पायाला चिंधी गुंडाळलेली, तोही म्हणाला, काटा मोडलाय. मग एकमेकांची नावं सुचवणं सुरू झालं. तीस म्हणजे नावं नव्हेत, हा हिशेब आहे, असं डॉक्टर सांगत राहिले. त्यावर कडूबानं विचारलं की नावंच नाहीत तर हे तीसजण आले कुठून. कडूबा तातेरावांचा गाडीवान. पारावर बसून साऱ्या जगाचा निकाल लावायचा.

सभा शांत व्हावी म्हणून डॉक्टरांनी शेवटचं वाक्य वाचलं. खालच्या वस्तीत नारू एकालाही नाही.

सभा शांत झाली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, जणू काही मी गावाचं काही चोरून नेलं होतं. कडूबानं तंबाखू मळली, विचार केला आणि सांगितलं, "बराबर हाये. त्यांनी देव सोडले, म्हून देवानंबी त्यांचा पिच्छा सोडला. ज्याचा देवच न्हाई, त्याच्यावर कोप करन कोन?"

डॉक्टर उठून म्हणाले, देवाचा नव्हे, पाण्याचा प्रश्न आहे. पण कडूबाचं म्हणणं दोन ओळींत बसत होतं आणि डॉक्टरांचं दोन तासांत बसलं नव्हतं. सभा उठली तेव्हा गाव कडूबाचं म्हणणं घेऊन घरी गेलं. जीपपाशी डॉक्टर अगदी कोमेजून उभे होते. म्हणाले, काम एवढंसं आहे. बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा. पण मंजुरी पंचायत समितीच्या सभापतींची, आणि त्यांच्याकडे पाठवलेला अहवाल बहुधा कपाटात गेलाय.

सभेनंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी काठी टेकत गिरिजाबाई आमच्या दारात आली. ती तातेरावांची आई. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि पेरणी व्हायची ती म्हातारीच्या नजरेखाली. पण अलीकडे ऐन पेरणीच्या तोंडावर नारू तिचा पाय धरायचा. ती खाटेवर काडी गुंडाळत पडायची, आणि तिकडे तातेराव नको त्या वावरात नको ते बी टाकून यायचे. निदान तिचं म्हणणं तसं होतं. बांधावर उभं राहून एक पेरणी नीट पाहिली की मग खुशाल मरेन, असं ती साऱ्या गावाला सांगायची.

आमच्या घराबाहेरच्या धोंड्यावर ती टेकली आणि मायला म्हणाली, "चांगुणे, मला तुमच्यात घे."

मायला काही कळेना.

"आखाडापातुर. पेरनी झाली की मी परत देवाकडं जाईन. त्याला सांगून आले मी."

मायनं चेहरा सरळ ठेवून विचारलं, "मंग त्यो काय म्हनला?"

"काय म्हनतो. गप ऱ्हायला. म्हंजे राजी हाये."

मी तांब्या आणि दोरा आणून तिला सगळं समजावलं. पायाची आग होते म्हणून तुम्ही पाय बारवेत बुडवता, तेवढ्यात नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी घागरीतून घरात येतं आणि पोटात जातं. वर्षभर तो अंगात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून डोकावतो. आमच्या आडात पाय घालायचा तर बेडूकच व्हावं लागेल, म्हणून आमच्यात नारू नाही. तुमचा देव तुम्हाला राहू द्या, फक्त पाणी आडाचं प्या.

म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बौद्ध व्हायला मी तयार हाये. पन तुमचं पानी कसं पिऊ?"

मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग बौद्ध झाल्यावर कोनाचं पानी पिनार होतीस माय, बारवेचं?"

म्हातारी आमच्याकडे पाहत राहिली. आधी तिचं पोट हललं, मग खांदे, मग ती अशी हसत सुटली की पायाची चिंधी सुटली. मी हसले, माय हसली, शेजारच्या बाया काय झालं ते विचारायला आल्या आणि न कळताच हसायला लागल्या. हसता हसता म्हातारीला ठसका लागला. मायनं पाण्याचा पेला पुढे केला. ठसक्याला जात कळत नाही. तिनं पेला पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि पिऊन टाकला.

"गोड हाये," ती म्हणाली, आणि एकदम चिडली. "इतके वर्स सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी विचारलं काहून न्हाई?" माय म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून कडूबा गाडीत घागरी घालून आडावर येऊ लागला. मायनं त्याला सांगितलं, पाणी सगळ्यांचं आहे, पण दोर तुमचा आणि हात तुमचे. कडूबा धापा टाकत शेंदायचा आणि म्हणायचा, म्हातारीचं डोस्कं फिरलंय.

म्हातारीचं डोकं मात्र पुढे धावत होतं. आपण एकटी वाचून काय उपयोग, पेरणीला गडी लागतात आणि सगळ्या गड्यांचे पाय बारवेत. तेव्हा बारवेलाच भिंत घालून घ्यायची. आणि नेमकं तिच्या नातीचं, नंदाचं लग्न सभापती काकासाहेबांच्या मुलाशी ठरलं होतं. वैशाखातली तारीख धरली होती. तातेरावांनी आईला बजावलं की वऱ्हाड जाईपर्यंत घरात नारूचं नाव निघता कामा नये. नारूच्या गावची पोरगी कोणी करून घेत नाही. म्हातारीनं नातीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की तोंडातून नारू हा शब्द काढणार नाही.

मला वाटलं, संपलं.

मग शेवयांचे दिवस आले. लग्नाच्या शेवया करायला सगळी गल्ली त्यांच्या माळवदावर जमली. मीही गेले, कारण नंदा माझी मैत्रीण. काठ्यांवर लांबच लांब शेवया वाळत होत्या. गिरिजाबाई कोपऱ्यात बसून पायाची काडी रोजच्यासारखी अर्धा वेढा फिरवत होती. ते झाल्यावर तिनं सहज एक ओली शेवई उचलली आणि दुसऱ्या काडीला गुंडाळली. दोन्ही काड्या शेजारी धरल्या. फरक सांगता येत नव्हता.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं.

"पुष्पे," ती हळूच म्हणाली, "रुखवत मी करनार हाये."

रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी मांडलेला थाट. लाडू, करंज्या, साखरेचे महाल, मण्यांचे मोर. त्यावर चादर घालून ठेवतात. मुलाची आई येऊन चादर उचलते, एकेक वस्तू पाहून नावं ठेवते, आणि मुलीकडच्या बाया तिला तसंच उत्तर देतात. विहिणीनं पाहायच्या आधी पुरुषांनी तिकडं फिरकायचंही नाही. म्हणजे तातेरावांना पत्ताच लागणार नव्हता.

म्हातारी, नंदा आणि मी, आम्ही तिघींनी दार लावून आख्खं गाव वळलं. गव्हाच्या पिठाचा लाडू म्हणजे माणूस. पहिला लाडू वळताना मी हात आखडला. म्हातारीनं ते पाहिलं. म्हणाली, पाणी पिऊन मेले नाही, आता लाडवानं मरते काय. मग मी भराभर वळायला लागले. गुळाची आख्खी ढेप घेऊन नंदानं उलथन्याच्या टोकानं त्यात पायऱ्या कोरल्या. ती बारव. मुंग्यांना ती इतकी आवडली की शेवटी पाण्याच्या परातीत ठेवावी लागली. त्यामुळे ती जास्तच खरी दिसू लागली. बारवेभोवती गल्ल्या, गल्ल्यांत लाडू. ज्या घरात जेवढ्यांना नारू, तेवढ्या लाडवांतून शेवई लोंबती. पाहणी माझ्या डोक्यात होती, कोणाला किती ते मी सांगायची आणि म्हातारी खोचायची. कडूबाच्या लाडवाला तिनं एक जास्तच खोचली. खाली एका वाटीचा आड आणि त्याच्याभोवती गोल गुळगुळीत लाडू. ती आमची वस्ती. तिथं शेवई नाही.

नंदाला भीती होती. सासू रागावली तर? म्हातारी म्हणाली, तुझी सासू हसली नाही तर मी तुला तिथं पाठवणारच नाही, बरं झालं आधीच कळलं.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. वऱ्हाड आलं, पाणी प्यालं, सरबत प्यालं. मी डॉक्टरांनाही बोलावलं होतं, ते बिचारे दारात अवघडून उभे होते. मग वाजतगाजत दुर्गाबाई रुखवताला आल्या. काकासाहेबांच्या पत्नी, अंगानं भरलेल्या, नाकात मोठी नथ. त्यांनी चादर उचलली.

गुळाच्या पायऱ्यांचं त्यांनी कौतुक केलं, म्हणजे त्या तिरप्या आहेत असं म्हणाल्या. मग त्यांची नजर लाडवांवर आली. "हे लाडू केसाळ काहून हो, विहीनबाई? का पीठ चाळायची पद्धत न्हाई तुमच्याकडं?"

त्यांच्या बाया खळखळून हसल्या. गिरिजाबाई काही बोलली नाही, शब्द दिला होता. तिनं पाय पुढे केला, पाटावर ठेवला आणि चिंधी सोडली. काडी, काडीवर गुंडाळलेला पांढरा दोरा. दुर्गाबाईंनी पाय पाहिला, लाडू पाहिला, पुन्हा पाय पाहिला.

"ह्यो लाडू मी हाये," म्हातारी म्हणाली.

कोणी हसावं की ओरडावं हे ठरायच्या आत मागून गल्लीतली कांताबाई पुढे घुसली. तिनं विचारलं, मग मी कुठली? मी बोट दाखवलं. तिचं म्हणणं पडलं की तिला दोन नारू आहेत आणि लाडवाला एकच शेवई आहे. दुसरीला आपला लाडू जावेच्या लाडवापेक्षा लहान वाटला. पारावरच्या सभेत ज्यांना तिसांत बसायचं नव्हतं, त्यांच्या बायका आता आपापला लाडू हुडकत होत्या, नवऱ्याचा दाखवत होत्या, आणि काटा मोडल्याचं खोटं सांगणाऱ्यांची नावं मोठ्यानं घेत होत्या. कोणाची बोटं शेवईवरून बारवेच्या पायऱ्यांकडे गेली, तिथून खालच्या गुळगुळीत लाडवांकडे. गुडघाभर पाण्याचं मी दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांचे दोन तास वाया गेले नव्हते, नुसते लाडवांविना होते.

दुर्गाबाई मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. "आमी सकाळपासून पेलो, ते पानी कोन्तं?"

ही बातमी मांडवात पोचायला पेला खाली ठेवायला लागतो तेवढाच वेळ लागला. सगळ्या वऱ्हाडानं पेले खाली ठेवले. काकासाहेब आत आले, त्यांच्यामागे घामाघूम तातेराव. पाणी कोणी भरलं, म्हणून कडूबाला पुढे ढकललं. बारव म्हणावं तर नारू, आणि दुसरं सांगावं तर त्याहून वाईट.

"आडाचं हाये साहेब," तो म्हणाला.

"कोनाच्या आडाचं?"

"खालच्या वस्तीच्या. म्हातारीनंच सांगितल्तं."

मांडवात वाजंत्रीही थांबली. मी लाडवाचं ताट घेऊन तिथंच उभी होते, माय दाराशी. काकासाहेब आम्हाला ओळखत होते. महिन्यापूर्वीच चौदा एप्रिलला ते वस्तीत आले होते, आपण सारे एक आहोत असं तासभर बोलले होते, आणि मायनं केलेला चहा पित्ताचं कारण सांगून तसाच ठेवून गेले होते. मायनं तो चहा विसरलेला नव्हता, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यांनाही तो आठवला.

त्यांनी शेवयांचे लाडू पाहिले. म्हातारीचा पाय पाहिला. मग आपला अर्धा पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला.

"पानी चांगलं हाये," ते म्हणाले.

पहिली माय हसली. मग मांडवाला जे हसू सुटलं, ते आवरायला वाजंत्रीवाल्यांना पुन्हा वाजवावं लागलं, आणि तेही हसत असल्यानं सनई नुसतीच फुसफुसत होती. तातेराव खांबाला धरून हसत होते, मला वाटतं जीव वाचल्यामुळे. त्या गडबडीत डॉक्टरांनी एक लाडू तोंडात टाकला. मी सांगितलं की तुम्ही कडूबा खाल्लात.

हसणं ओसरलं तरी गिरिजाबाई पाटावरून उठेना. जेवायला चला म्हणून सगळे सांगू लागले तर म्हणाली, मी रुसलेय. लग्नात नवरदेव रुसतो, त्याला सायकल नाही तर रेडिओ देऊन उठवतात, ही रीत. आजेसासू रुसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

काकासाहेबांनी हात जोडून विचारलं, काय पाहिजे.

"पेरनीच्या आत बारवेला भिंत. वरून रहाट. आन् त्या रहाटावर हात सगळ्यांचे, ह्या चांगुणीचाबी."

काकासाहेब म्हणाले की त्याची एक पद्धत असते, आधी अंदाजपत्रक, मग बैठक. दुर्गाबाईंनी त्यांना मध्येच तोडलं. "तुमी आधी हो म्हना. मला भूक लागून राह्यली."

ते हो म्हणाले. म्हातारी उठली, आणि पाय घासत घासत का होईना, पंगतीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. दुर्गाबाईंनी रीतीप्रमाणे रुखवत बांधून नेलं. पुढं नंदानं सांगितलं की सासरी तो गूळ महिनाभर पुरला, पण लाडू पाहुण्यांना दाखवण्यातच वाळून गेले.

पहिल्या पावसाआधी गवंडी आले. पायऱ्यांच्या तोंडावर भिंत उभी राहिली आणि रहाट कुरकुरू लागला. मायनं पहिल्या दिवशी त्यावर एक घागर शेंदली, चव घेतली, आणि आपला आडच बरा म्हणून परत आली. पण शेंदली.

नारू वर्षभर अंगात राहतो, हे म्हातारीला मी सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात एक बारीकसा डोकावला, तेव्हा तिनं मला बोलावून झापलं, जणू तो मीच पाळला होता. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात काहीच आलं नाही. मृगात तिनं मला वावरात बोलावणं धाडलं. गेले तर ती बांधावर अनवाणी उभी. दोन्ही पाय काळ्या मातीत घोट्यापर्यंत रोवलेले, आणि तातेरावांना तिफण कुठं वळवायची ते ओरडून सांगत होती. तातेराव वळवत होते.

कडूबा बैलांशी उभा होता. त्याच्याही पायाला चिंधी नव्हती. तंबाखू मळत तो म्हणाला, "मला एक कळंना मास्तरीनबाई. आमी देव सोडले न्हाईत, तरी नारू गेला. हे कसं काय?"

मी तोंड उघडणार, तोच म्हातारी बांधावरून ओरडली, "देवानंच तुला सोडलं आसन, मुडद्या. बैल धर."